बुडालेली ठेव आणि कायद्याच्या दोन वाटा

गेल्या पावसाळ्यांत एके दुपारीं आमच्या नात्यांतील एक वृद्ध बाई साताऱ्यास आमच्या घरीं आल्या. पाऊस भुरभुरत होता, पण स्वतःपेक्षां हातांतली कापडी पिशवी कोरडी राहावी अशी त्यांची धडपड दिसत होती. पुढें केलेला चहा त्यांनीं बाजूला सारला आणि पिशवींतून एक पुडकें काढून आमच्यासमोर ठेवलें. आंत एका पतसंस्थेच्या सहा ठेवपावत्या होत्या. यजमान वारल्यावर हातीं आलेला पैसा आणि गांवच्या वाटणींत मिळालेली रक्कम, असें त्यांचें सारें जन्माचें संचित त्या सहा कागदांत होतें. संस्थेचें दार दोन महिन्यांपासून बंद होतें. तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

"अध्यक्षांना पोलिसांनीं धरलें असें पेठेंत सगळे म्हणताहेत," त्या म्हणाल्या. "आतां माझे पैसे परत येतील, होय ना रे?"

"काकू, तसें लगेच म्हणतां येणार नाहीं."

"अरे, चोर सांपडला म्हणजे चोरीचा माल सांपडायला नको का?"

काकूंचा प्रश्न अगदीं सरळ होता, आणि सुशिक्षित माणसेंहि तो याच शब्दांत विचारतात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें चोर सांपडणें आणि माल सांपडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची वाट फौजदारी न्यायालयाकडे जाते व शिक्षेपाशीं संपते. दुसरीची वाट जप्ती, लिलाव व वांटणी अशा मुक्कामांवरून जाते. या दोन वाटा कोठें जुळतात आणि कोठें फुटतात हें वेळींच न कळल्यामुळें कित्येक ठेवीदार एकीच्या तोंडाशीं वर्षानुवर्षें उभे राहतात आणि दुसरीची मुदत निघून जाते. म्हणून आज या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साताऱ्या-सांगलीची पत

आमच्या या दोन जिल्ह्यांना पैशाच्या व्यवहाराची ओळख नवी नाहीं. अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि १९३६ सालीं युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. सांगलीस १९१६ सालींच सांगली बँक निघाली होती. मुंबईच्या बड्या पेढ्यांच्या तोंडाकडे न पाहतां, शिक्षक, कारकून, वकील व शेतकरी यांच्या लहानसहान शिलकेवर जिल्ह्याच्या गांवींहि मोठी संस्था उभी राहूं शकते, हें या तिघींनीं दाखवून दिलें. विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणांत आयुर्विमा महामंडळांत गेली. युनायटेड वेस्टर्न २००६ सालीं आयडीबीआय बँकेंत, तर सांगली बँक २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली.

नांवें गेलीं, पण त्यांनीं लावलेली संवय मागें राहिली. ओळखीच्या माणसाच्या संस्थेंत पैसा ठेवावा, अध्यक्ष आपल्या आळींतला आहे, व्यवस्थापक आपल्या मुलाच्या वर्गांतला आहे, मग चौकशी ती काय करावयाची? या विश्वासावर पेठोपेठीं पतसंस्था उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या पुष्कळांनीं तो सचोटीनें सांभाळलाहि. परंतु ज्या थोड्यांनीं तो मोडला, त्यांनीं नेमका हाच ओळखीचा चेहरा भांडवल म्हणून वापरला.

निक्षेप कीं ऋण?

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं राजदरबारीं येणाऱ्या तंट्यांचे अठरा वर्ग केले. त्या अठरा व्यवहारपदांत मनूनें पहिलें ऋणादान सांगितलें व दुसरें निक्षेप. ऋण म्हणजे उसना दिलेला पैसा. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तु, जी जशीच्या तशी परत करावयाची. ठेव नाकारणारा आणि न ठेवतांच मागणारा असे दोघेहि मनूनें दंडास पात्र ठरविले आहेत. साक्षीदार नसेल तर काय करावें याचीहि युक्ति त्यानें दिली आहे. न्यायाधीशानें आपले विश्वासू हेर त्या माणसाकडे पाठवून कांहीं निमित्तानें सोनें ठेवण्यास द्यावें आणि पुढें परत मागावें. त्यानें तें मुकाट्यानें परत दिलें, तर त्याच्यावरचा आळ खोटा समजावा. दिलें नाहीं, तर दोन्ही ठेवी त्याच्याकडून वसूल कराव्या. आजच्या पोलिसांच्या सापळ्याचें हें जुनें रूप पाहून मौज वाटते.

पण या जुन्या भेदांत एक महत्त्वाचें तत्त्व दडलेलें आहे. काकूंच्या पावतीवर "ठेव" असा शब्द छापलेला होता. कायदा मात्र ती पावती वाचतो तेव्हां तिला निक्षेप म्हणत नाहीं, ऋण म्हणतो. बँकेंत अगर पतसंस्थेंत पैसा भरतांच त्या नोटा संस्थेच्या मालकीच्या होतात आणि आपण संस्थेचे सावकार बनतों. आपण व्याज घेतों तें याच नात्यानें. म्हणून संस्थेनें मुदतीला पैसा दिला नाहीं, एवढ्यावरून ऋण थकलें असें होतें, गुन्हा घडला असें होत नाहीं. आणि संचालकानें तिजोरींतला पैसा उडविला, तर तो कायद्याच्या भाषेंत काकूंचा नव्हे, संस्थेचा पैसा उडविलेला असतो. ठेवीदाराच्या पुढील बहुतेक अडचणींचें मूळ येथें आहे.

अपयश, न्यासभंग आणि ठकवणूक

म्हणून तपासाचा पहिला प्रश्न असा: हें अपयश आहे कीं अपराध? युनायटेड वेस्टर्न बँकेचेंच उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २००६ रोजीं तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली, तेव्हां साताऱ्यांतील ठेवीदारांच्या जिवाची घालमेल झाली. पुढें एका महिन्यांतच, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआय बँकेंत विलीन झाली आणि ठेवी सुरक्षित राहिल्या. भांडवल अपुरें पडणें हें व्यवसायाचें दुखणें आहे. तेवढ्यासाठीं कोणाच्या हातांत बेड्या घालतां येत नाहींत, आणि घालूं नयेत.

अपराध ठरण्यास अप्रामाणिक हेतु लागतो. तो दोन प्रकारें प्रकट होतो. विश्वासानें सोंपविलेली मालमत्ता मागाहून गिळंकृत केली, तर तो न्यासभंग. मुळांतच खोटें सांगून, देण्याचा विचार नसतां, दुसऱ्याच्या खिशांतून पैसा काढला, तर ती ठकवणूक. पहिलींत विश्वास आधीं खरा असतो व मग मोडतो. दुसरींत तो आरंभापासूनच फसवून मिळविलेला असतो. वचन देते वेळींच मनांत लबाडी होती हें दिसल्याखेरीज केवळ वचनभंगाला ठकवणूक म्हणतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं हृदयरंजन प्रसाद वर्मा यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें. एकाच घटनेला हे दोन्ही गुन्हे यांत्रिकपणें चिकटवूं नयेत, असेंहि त्याच न्यायालयानें २०२४ सालीं दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणांत बजावलें.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. बोलण्यांत रुळलेलें "चारशेवीस" आतां कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमांत गेलें आहे. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड ही होय. बँकर, व्यापारी, अडत्या किंवा सरकारी नोकर यांनीं केलेला न्यासभंग पूर्वीं कलम ४०९ खालीं येई. तो आतां कलम ३१६ खालीं येतो व त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हिशेबाच्या वह्यांत खोट्या नोंदी करण्याचा गुन्हा कलम ३४४ मध्यें आहे. मात्र जें कृत्य १ जुलै २०२४ पूर्वीं घडलें, त्याला जुनीच संहिता लागते. म्हणून न्यायालयांत अजून दोन्ही आंकडे ऐकूं येतात.

फिर्याद व तपास

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली कीं पोलिसांनीं फिर्याद नोंदविलीच पाहिजे, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०१३ सालीं ललिताकुमारी खटल्यांत घालून दिलें. व्यापारी स्वरूपाच्या प्रकरणांत मात्र, दखलपात्र गुन्हा दिसतो किंवा नाहीं एवढ्यापुरती प्राथमिक चौकशी करण्यास त्यानें मुभा ठेवली. ठेवीदाराला प्रथम "अर्ज द्या, चौकशी करतों" असें उत्तर मिळतें, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. म्हणून अर्जांतच कोणी, कोणत्या दिवशीं, काय आश्वासन देऊन, किती रक्कम घेतली हें क्रमानें लिहिलेलें असावें. "आमची फसवणूक झाली" हें वाक्य शंभर वेळां लिहिल्यानें गुन्हा दिसत नाहीं. तारीख, रक्कम आणि खोटें ठरलेलें विधान एकदां नीट लिहिल्यानें तो दिसतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें फिर्याद कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते. ती मोबाईलवरून अगर संगणकावरून पाठविली तर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची नक्कल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. ठाण्यानें नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी जावें, आणि तेथेंहि दाद न लागल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावें. तपास कोठवर आला हें नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस कळविणें पोलिसांवर बंधनकारक आहे.

मोठ्या रकमांचीं प्रकरणें जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. तेथील तपासांत रक्ताचा डाग नसतो, बोटाचा ठसाहि क्वचितच असतो. तेथें साक्ष देतात त्या वह्या. रोजकीर्दींतली हातशिल्लक आणि तिजोरींतली रोकड जुळते का? एकच जामीनदार कितीजणांच्या कर्जाला उभा आहे? दहा लाखांच्या जमिनीवर पन्नास लाखांचें तारण कोणी व कसें लिहिलें? ज्याच्या नांवें कर्ज आहे त्याला तें ठाऊक तरी आहे का? आणि ठेवीदारांना दिलेलें व्याज धंद्याच्या नफ्यांतून आलें कीं नव्या ठेवीदाराच्या पैशांतून? या शेवटच्या प्रकाराला चार्ल्स पाँझी या इसमाचें नांव पडलें आहे. त्यानें १९२० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं हाच खेळ मांडला होता. आजचें पाणी उद्याच्या घागरींतून भरावयाचें, अशी ही रीत. घागरी येत आहेत तोंवर रांजण भरलेला दिसतो.

बँकेच्या वह्या न्यायालयांत उचलून आणाव्या लागूं नयेत म्हणून १८९१ च्या कायद्यानें त्यांच्या प्रमाणित नकला पुराव्यांत घेण्याची सोय केली. वह्यांची जागा आतां संगणकानें घेतली आहे. त्यावरील नोंदी सादर करतांना कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र जोडावेंच लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं जालन्याच्या एका निवडणूक-खटल्यांत ठरविलें. या बारीकसारीक गोष्टींत चूक झाली तर आरोपी खरा असूनहि सुटूं शकतो. खटला रेंगाळतो म्हणून आपण चिडतों, पण ज्याच्या स्वातंत्र्यावर घाला यावयाचा त्याच्यापुढें प्रत्येक नोंद सिद्ध झाली पाहिजे, हा न्यायहि आपलाच आहे. रामशास्त्र्यांची माहुली साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, हें आम्ही विसरूं नये.

मालाची वाट: १९९९ चा कायदा

येथवर आपण चोराची वाट चाललों. ती शेवटपर्यंत गेली तरी काकूंच्या हातीं निकालपत्राची नक्कल येते, पैसा येत नाहीं. न्यायालयाला दंडांतून भरपाई देवविण्याचा अधिकार आहे, पण कोट्यवधींच्या खड्ड्यापुढें ती ओंजळभर माती होय.

ही उणीव ओळखून महाराष्ट्राच्या विधिमंडळानें वित्तीय संस्थांमधील ठेवीदारांच्या हितसंबंधांचें संरक्षण करणारा १९९९ चा अधिनियम केला. वकिलांच्या बोलण्यांत तो "एमपीआयडी" या नांवानें ओळखला जातो. आम्हीं वर म्हटलें कीं ठेव न देणें म्हणजे नुसतें ऋण थकणें. या कायद्यानें त्या नियमाला अपवाद निर्माण केला. ठेव परत करण्यांत लबाडीनें कसूर करणें हाच त्यानें स्वतंत्र गुन्हा ठरविला आणि संस्थेचे प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांना त्यासाठीं सहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. ऋणाच्या कागदाला निक्षेपाची थोडी प्रतिष्ठा परत मिळाली ती अशी.

पण त्याचें खरें बळ कैदेंत नाहीं, जप्तींत आहे. संस्था ठेवी परत करील असें दिसत नसेल तर सरकार अधिसूचना काढून तिची मालमत्ता जप्त करूं शकतें. तेवढ्यानें भागत नसेल तर संचालकांची स्वतःची मालमत्ताहि जप्तींत येते. जप्त मालमत्ता उपजिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या नव्हे अशा सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यांत जाते. तो जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयाकडे जप्ती कायम करण्यासाठीं अर्ज करतो. ज्यांना त्या मालमत्तेवर हक्क सांगावयाचा त्यांना तेथें ऐकून घेतात. लबाडीनें मेव्हण्याच्या अगर मित्राच्या नांवावर केलेल्या मालमत्तेपर्यंतहि न्यायालयाचा हात पोंचूं शकतो. मग विक्री होते व आलेला पैसा सर्व ठेवीदारांत न्याय्य प्रमाणांत वांटला जातो. प्रमाणांत, हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. रुपयास आठ आणे जमले तर प्रत्येकास आठ आणे. आधीं ओरडणाऱ्यास सोळा आणे असा तेथें न्याय नाहीं.

या कायद्यालाहि अग्निपरीक्षा द्यावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें २००५ सालीं तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द ठरविला. तमिळनाडूचा तशाच धर्तीचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं उचलून धरला आणि २०१२ सालीं महाराष्ट्राचा कायदाहि वैध ठरला.

काळ्या कोंबडीची गोष्ट

ठेव म्हणजे नेमकें काय, या प्रश्नाचें एक विलक्षण उदाहरण सांगली जिल्ह्यानेंच दिलें. मध्य प्रदेशांतील झाबुआ भागांत कडकनाथ नांवाची काळी कोंबडी होते. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें आणि तिचा बोलबाला झाला. त्या सुमारास इस्लामपूर येथील महारयत अ‍ॅग्रो या कंपनीची योजना गांवोगांव पसरली. शेतकऱ्यानें पैसे भरावे, कंपनीनें पिल्लें व खाद्य द्यावें, आणि पुढें अंडीं व पक्षी चढ्या भावानें कंपनीनेंच विकत घ्यावे, असा तो करार. २०१९ सालीं खरेदी थांबली, शेतकऱ्यांच्या दारांत भुकेले पक्षी उरले आणि फिर्यादींचा पाऊस पडला. त्या वर्षीं सप्टेंबरांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या वाटेवर आंदोलकांनीं सांगली जिल्ह्यांत कडकनाथ कोंबड्याच फेकल्या. कोणाचा दोष किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. तें आम्ही आपल्याकडे घेत नाहीं.

आमचें लक्ष कायद्याच्या प्रश्नाकडे आहे. शेतकऱ्यानें दिलेला पैसा ही पिल्लांची किंमत कीं ठेव? बंगल्यांत राहणाऱ्या वाचकाला हा प्रश्न लांबचा वाटेल. परंतु सोन्याची भिशी, सागाचीं झाडें, सहलीचें सभासदत्व, अशा नांवांखालीं तोच व्यवहार त्याच्याहि दारीं येत असतो. १९९९ च्या कायद्यानें ठेवीची व्याख्या करतांना परतफेड रोख असो, वस्तुरूप असो अगर एखाद्या सेवेच्या रूपानें असो, तिचा समावेश करून ठेवला आहे. ही व्याख्या व्यापक आहे व ती तशीच वाचली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें ६३ मून्स या कंपनीच्या प्रकरणांत दिला. तेव्हां व्यवहाराला नांव कोणतेंहि असो, "आज पैसा द्या, उद्यां अधिक घ्या" हा त्याचा गाभा असेल, तर ठेवीदार म्हणून हक्क सांगण्यास जागा आहे.

बँक आणि पतसंस्था यांतील भेद

पुष्कळ घरांत बँक आणि पतसंस्था हे शब्द एकाच अर्थानें वापरतात. हा गोंधळ महागांत पडतो. १९६० सालीं पलाई सेंट्रल व लक्ष्मी या बँका बुडाल्या. त्यांतून धडा घेऊन १ जानेवारी १९६२ पासून देशांत ठेवींचा विमा सुरू झाला, आणि पुढें तो सहकारी बँकांनाहि लागू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंतील एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून पांच लाख रुपयांपर्यंत हें संरक्षण आहे. चार शाखांत चार पावत्या केल्या तरी एकाच नांवाच्या ठेवींची बेरीज एकच धरतात. रिझर्व्ह बँकेनें व्यवहारांवर निर्बंध घातले तर ही रक्कम नव्वद दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ सालीं झाली.

या विम्याचें मोल कराडकरांनीं पाहिलें आहे. कराड जनता सहकारी बँकेवर २०१७ पासून निर्बंध होते. डिसेंबर २०२० मध्यें, भांडवल अपुरें व उत्पन्नाची आशा नाहीं या कारणांनीं रिझर्व्ह बँकेनें तिचा परवाना रद्द केला. तथापि शेंकडा नव्याण्णवांहून अधिक ठेवीदारांना विम्यांतून पूर्ण रक्कम मिळेल, असें रिझर्व्ह बँकेनें त्या वेळीं सांगितलें होतें. तीं तीन वर्षें लोकांनीं कशीं काढलीं असतील, तो भाग निराळा.

पतसंस्थेला हें छत्र नाहीं. तिच्यावर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचा अंमल चालतो. कलम ८१ चें लेखापरीक्षण, कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खालीं दोषी संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करून ती वसूल करणें, असा तो क्रम आहे. लेखापरीक्षकाला अपहार दिसला तर फिर्याद देणें हें त्याचें कर्तव्य आहे. १९९९ चा कायदाहि पतसंस्थांना लागूं शकतो. पण हे सारे उपाय आग लागल्यानंतरचे आहेत. आगीपूर्वींचा विमा तेथें नाहीं. अधिक अर्धा-एक टक्का व्याज मिळतें तें या जोखमीचें मोल म्हणून मिळतें, हें ध्यानांत ठेवूनच पावती करावी.

घरीं काय जपावें

आतां गृहस्थ-गृहिणींनीं करावयाच्या चार गोष्टी सांगतों.

मूळ पावती कोणाच्याहि हवालीं करूं नये. "नूतनीकरणासाठीं ठेवून जा" असें सांगितलें तरी पोंच घेतल्याखेरीज ती हातावेगळी करूं नये. पावतीची नक्कल, पासबुक, व्याजाच्या नोंदी आणि जाहिरातीचें पत्रक हीं सर्व एकत्र ठेवावीं. पत्रक रद्दींत घालूं नये. ठकवणुकीच्या खटल्यांत आरंभींचें खोटें आश्वासन सिद्ध करावयाचें असतें, आणि तें बहुधा पत्रकांतच छापलेलें असतें.

मागणी लेखी करावी व ती पोंचल्याचा पुरावा ठेवावा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. फौजदारी फिर्याद दिली म्हणून ही मुदत थांबत नाहीं. "केस चालू आहे" या समाधानांत बसलेल्या किती ठेवीदारांचे दिवाणी हक्क याच एका गैरसमजानें मुदतबाह्य होतात!

समजूत घालण्यासाठीं पुढच्या तारखेचा धनादेश दिला, तर तो कपाटांत ठेवूं नये. तो न वटल्याचें बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहींत, तर पुढील एका महिन्यांत न्यायालयांत तक्रार करावी लागते.

आणि मोबाईलवरून कोणी पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणवून घेऊन पैसे लुबाडले, तर नातेवाइकांचा सल्ला घेण्यांत संध्याकाळ घालवूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसा या खात्यांतून त्या खात्यांत उड्या मारीत असतो. पहिल्या कांहीं तासांत तो अडविण्याची शक्यता असते, मग त्याचा माग लागणेंहि कठीण. कोणत्याहि कायद्यांत मोबाईलवरून अटक होत नाहीं, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवावें.

त्या दुपारीं आम्हीं काकूंना यांपैकीं बरेंचसें समजावून सांगितलें. पावत्यांच्या नकला काढल्या, रकमांची व तारखांची यादी केली, सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यावयाचा अर्ज लिहिला. सारे पैसे मिळतील असें आम्हीं सांगितलें नाहीं, कारण तें खरें झालें नसतें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग यादीवर सही करतांना म्हणाल्या, "एवढें विचारून पैसे ठेवले असते, तर अध्यक्ष काय म्हणाले असते? म्हातारीचा आमच्यावर विश्वास नाहीं!"

आम्हांला वाटतें, साताऱ्या-सांगलीच्या घरोघरच्या ठेवी बुडाल्या त्या या संकोचांत. ताळेबंद मागणें हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक संस्थाचालकाला त्याचा राग येत नाहीं, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडे पैसा ठेवूं नये, एवढी परीक्षा तरी आपल्या हातीं आहे. काकूंचा अर्ज आतां विशेष न्यायालयाच्या वाटेवर आहे. ती वाट लांबची आहे, पण आतां त्या योग्य वाटेवर उभ्या आहेत, आणि पिशवींतील पावत्या कोरड्या आहेत.